स्टेअरिंगवर कोण होतं?

जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला काकासाहेबांची जीप आणि ट्रॅक्टरची एजन्सी होती. पुढं काचेची शोरूम, आणि मागं पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप. त्या वर्कशॉपचा राजा म्हणजे कारभारी मिस्त्री. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की चालू ट्रॅक्टरवरूनही पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. गिऱ्हाईक शोरूममध्ये काकासाहेबांना रामराम घालायचं आणि मग तसंच मागं येऊन विचारायचं, "मिस्त्री, खरं सांगा, कोणता घ्यावा?"

कारभारी मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. घरी शेती, वर दोन थोरले भाऊ. शेजारच्या मळ्यात पहिलं ऑइल इंजिन बसलं तेव्हा कारभारी पोरसवदा होता. इंजिन बसवायला आलेल्या माणसाच्या मागं मागं तो दिवसभर फिरला आणि बैलांना पाणी पाजायचं साफ विसरला. बापानं झोडपलं. पुढच्याच आठवड्यात तो घरात न सांगता औरंगाबादला पळाला आणि एका उस्तादाच्या गॅरेजमध्ये राहिला. उस्ताद म्हणायचा, "पहले झाडू, फिर पाना, फिर इंजन. इस्टेरिंग सबसे आखिर में. जल्दी किया तो खुद भी मरेगा, दूसरे को भी मारेगा." कारभारीनं बरीच वर्षं तिथं काढली. काकासाहेबांनी एजन्सी उघडली तेव्हा त्यांनी त्याला बोलावून घेतलं. तोवर त्याचं पुष्पाबाईशी लग्न झालं होतं, आणि पुढं एकामागून एक तीन मुलीही झाल्या.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली केशरबाई आपल्या मुलाला घेऊन वर्कशॉपच्या दारात आली. ही केदारखेड्याची. नवरा खडी फोडायच्या कामावर आजारी पडला तो उठलाच नाही. मग ती जालन्यात आली, बौद्धवाड्यात नात्यातल्यांच्या आधारानं राहिली आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली. मुलाचं नाव कडूबा. उंच, लांब हातांचा, डोळे सारखे इंजिनाकडं.

"दादा," केशरबाई म्हणाली, "ह्याला तुमच्या हाताखाली घ्या. जिनिंगवाले घ्यायला तयार हायेत, पन तिथं रुईनं छाती भरती. मी रातभर खोकते. पोराचं तसं नको."

"वय काय?"

"पंधरावं लागलंय आत्ताच."

"शाळा?"

"सातवी झाली. मास्तर म्हनले हुशार हाय. पन हुशारीनं पोट भरत न्हाई ना, दादा."

कारभारीनं पोराकडं पाहिलं. कडूबा तोवर उघड्या बॉनेटमध्ये डोकावत होता. कारभारीला आपलं लहानपण दिसलं की काय कोण जाणे, त्यानं त्याच दिवशी त्याच्या हातात फडकं दिलं.

पोरगं कामाचं निघालं. गाड्या धुणं, ग्रीस भरणं, पाने पुसून जागेवर लावणं, हे सगळं सांगावं लागलं नाही. वर्षभरात तो क्लच खोलायला मदत करू लागला. आणि एक दिवस, दुपारी गिऱ्हाईक नसताना, कारभारीनं त्याला मागच्या मोकळ्या आवारात जुन्या जीपच्या स्टेअरिंगवर बसवलं. उस्तादाचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. पण आवारात कोण मरतंय, असं त्यानं मनाशी म्हटलं. कडूबानं पहिल्याच झटक्यात गाडी अशी उचलली की कारभारी हरखून गेला. मग ते रोजचंच झालं. कारभारी चार माणसांसमोर म्हणू लागला, "असं हाताला गोड पोरगं मी आजवर पाह्यलं न्हाई." हे काकासाहेबांच्याही कानावर पडलं.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात नगरपालिकेचे दुकान निरीक्षक एजन्सीत आले. साहेबराव म्हस्के त्यांचं नाव. तरुण माणूस, पांढरा शर्ट, सायकलवरून आलेले. ते दिवस आणीबाणीचे; सरकारी माणूस दारात आला की दुकानदार आपोआप उभा राहायचा. काकासाहेबांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

साहेबराव चहाला नको म्हणाले नाहीत, पण बोलायचं तेही बोलले. "मालक, पोरगं कामावर ठेवू नका असं मी म्हणत नाही. पण सतरा पुरी झाली नसतील तर दिवसाला सहा तासांच्या वर काम नाही. तीन तासांनी विसावा द्यायचा. संध्याकाळी सातनंतर थांबवायचं नाही. आणि धोक्याच्या कामाला हात लावू द्यायचा नाही."

"बराबर हाय," काकासाहेब म्हणाले.

"तुमचा गाड्यांचा धंदा म्हणून आणखी एक सांगतो. हे माझ्या खात्याचं नाही, पण ध्यानात ठेवा. अठरा पुरी झाल्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवायची नाही. आणि गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून दिली, तर त्याच्यावरही येतं."

"बिलकुल बराबर, साहेब."

साहेबराव गेले. काकासाहेब मागं वर्कशॉपमध्ये आले आणि सगळ्यांसमोर कडूबाला म्हणाले, "काय रे, कुणी इचारलं तर किती वर्सं?"

कडूबा गोंधळला. "सोळा, मालक."

"अठरा. काय?"

"अठरा."

सगळे हसले. कडूबाही हसला. एकदम दोन वर्षांनी मोठं झाल्याचा त्याला आनंदच झाला असावा. कारभारीनंही हसून घेतलं आणि पाना उचलला.

काकासाहेब काही कसाई नव्हते. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, पहिली गाडी त्यांची उभी राहायची. पण धंदा आणि दसरा ह्या दोन गोष्टींपुढं त्यांना तिसरं काही दिसायचं नाही. दसऱ्याला ट्रॅक्टर-जीप घरी न्यायची म्हणून लोक चार-चार महिने आधी नाव लावायचे. त्या साली दसऱ्याच्या सकाळी आवारात झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागली होती. एजन्सीचे दोन्ही ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन भोकरदनच्या अंगाला गेले होते. आणि घनसावंगीच्या एका बागायतदाराची जीप तेवढी राहिली होती. त्याचा माणूस सारखा घड्याळ दाखवत होता. घरी पूजा मांडून ठेवली आहे, मुहूर्त टळला तर गाडी परत करू, म्हणत होता.

कारभारी एका ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता. त्या ट्रॅक्टरचं तेल गळत होतं आणि त्याचंही गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. काकासाहेबांनी वाकून विचारलं, "कडूबाला धाडू का?"

कारभारी सरकत बाहेर आला. "न्हाई मालक. पोरगं सोळाचं हाय."

"तूच म्हन्तोस ना, हाताला गोड हाय म्हनून?"

"आवारात म्हन्लो. रस्त्यावर न्हाई."

"शेजारी गिऱ्हाइकाचा माणूस बसून राह्यलाय की. अंबडपर्यंत सरळ रस्ता. दसऱ्याला कुठला फौजदार गाडी अडवतो?"

कारभारीनं आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तेल टपटप गळत होतं, गिऱ्हाईक कटकट करत होतं, आणि दुसरं म्हणजे, पोरगं सुखरूप नेईल याची त्याला मनातून खात्री होती. तो पुन्हा ट्रॅक्टरखाली गेला. तिथून त्याला फक्त जीपची चाकं दिसली. फाटकातून ती अलगद बाहेर पडली.

दुपार कलली तेव्हा अंबडच्या पोलीस ठाण्यातून फोन आला. जीपचा अपघात झाला होता. एक सायकलवाला जखमी, दवाखान्यात. पोरगं ठाण्यात बसवलं आहे.

काकासाहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांनी केशरबाईला बौद्धवाड्यात बोलावणं धाडलं, आणि एजन्सीच्या जुन्या जीपमध्ये तिघं निघाले. गाडी कारभारी चालवत होता, शेजारी काकासाहेब, मागं केशरबाई. गाव मागं पडलं.

मग काकासाहेब म्हणाले, "कारभारी, स्टेअरिंगवर तू होतास."

"मी?"

"ऐकून घे. तुझ्याकडं लायसन हाय. अपघात कुणाच्या बी हातून होतो. लायसनवाला असला तर विमा कंपनी त्या माणसाचा खर्चा भरून देईल. पोरगं चालवत होतं म्हन्लं की कंपनी हात झटकनार. मंग त्या गरिबाला काय मिळनार? पोरावर केस. माझ्यावर केस. तुझं एक नाव घेतलं तर सगळे सुटतेत. तुझ्या घरचं मी बघून घेतो."

कारभारीनं समोरच्या रस्त्यावरची नजर हलवली नाही. गंमत अशी की मालकाच्या बोलण्यात खोटं काढावं असं त्याला एकही वाक्य सापडेना. जखमी माणसाचं भलं, पोराचं भलं, एजन्सीचं भलं. आणि त्याच्या स्वतःच्या मनावरचं ओझंही हलकं झालं असतं. पोराला शिकवलं त्यानंच, चावी हातात पडताना गप्प बसला तोच. मग शिक्षा त्यानं घेतली तर चुकलं कुठं?

"दादा," मागून केशरबाईचा आवाज आला. "मालक म्हनतेत तसं करा. पाया पडते तुमच्या. माझं एकलं लेकरू हाय."

कारभारीनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यालाच कळलं नाही.

आधी ते दवाखान्यात गेले. जखमी माणसाचं नाव भिवा. पलीकडच्या वाडीवरचा, थोडं रान असलेला. दसऱ्याला विकायला झेंडूची फुलं सायकलवर लादून, सायकल हाताला धरून अंबडला निघाला होता; बायको मागून चालत होती. समोरून कालव्याच्या कामावरचा मुरमाचा ट्रक आला, जीप बाजूला झाली, कडेची माती ढासळली आणि गाडी घसरून भिवाच्या अंगावर गेली. पाय मोडला होता. लाकडी पट्ट्या बांधून तो पडला होता, उशाशी त्याची बायको कांताबाई. तिच्या पदराला अजून पिवळ्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या.

"ट्रकवाला थांबलाच न्हाई," कांताबाई सांगू लागली. "गाडीत बसलेला तो दुसरा मानूस बी उतरून पळाला. ह्या पोरानंच ह्यान्ला उचललं आन् त्याच गाडीत घालून इथं आनलं. वाटंत रडू राह्यलं होतं."

भिवानं डोळे उघडले. तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखणं होतं.

"लई ल्हान हाय वो त्ये पोरगं," तो म्हणाला. "एवढ्या लेकराच्या हाती गाडी कुनी दिली?"

काकासाहेब खिडकीकडं बघू लागले. केशरबाईनं पदर तोंडाला लावला. कारभारी बाहेर आला आणि दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला. त्याच्या डोक्यात आता दुसरंच चाललं होतं. आज आपलं नाव सांगितलं की आजचं निभेल. पण पुढच्या दसऱ्याला आवारात अशीच रांग लागेल, असंच कुणीतरी पोरगं 'अठरा' म्हणेल, आणि मालक त्याच्या हातात चावी ठेवतील. कारण मागच्या वेळी काही बिघडलं नव्हतं.

ठाण्यात कडूबा बाकावर बसला होता. अंगावर माती, सदऱ्यावर भिवाचं रक्त. कारभारीला पाहून तो उठला आणि पुन्हा बसला. फौजदार वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं? हे पोरगं बोलतच नाही. वय विचारलं तर अठरा म्हणतं आणि रडतं."

काकासाहेब पुढं झाले. "साहेब, हा आमचा हेडमिस्त्री. स्टेअरिंगवर हाच—"

"स्टेअरिंगवर हे पोरगं होतं," कारभारी म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याचा नेहमीचा मोठा आवाज सुटला, तो त्याला आवरेना. "चावी मालकानं दिली, साहेब. आन् गाडी शिकवली मी. चावी दिली तव्हा बी मी तिथंच होतो, आडवा झालो न्हाई. अठरा म्हनायला आम्ही पढवलंय त्याला. त्याचं वय सोळा हाय."

काकासाहेब त्याच्याकडं ट्रॅक्टरच उलटून अंगावर आल्यासारखे बघत राहिले. फौजदारांनी केशरबाईकडं मान वळवली. "बाई, तुम्ही आई ना? पोराचं वय काय?"

केशरबाईनं आधी काकासाहेबांकडं पाहिलं, मग मुलाकडं. कारभारीकडं मात्र पाहिलं नाही.

"सोळा," ती म्हणाली. "माझ्या पोटचं हाय, साहेब. सोळाच."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर असं. कारभारीला दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या फाटकातच अडवलं. काकासाहेब स्वतः आले, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुला भाऊ मानलं होतं, कारभारी." कारभारी म्हणाला, "म्हनून तर बोललो, मालक." पण त्याचा काही उपयोग नव्हता. त्यानं आपले पाने पोत्यात भरले, पोतं सायकलला बांधलं आणि निघाला. साहेबरावांनी नगरपालिकेकडून एजन्सीवर खटला भरला. जबाब घ्यायला ते कारभारीच्या घरी आले तेव्हा म्हणाले, "मी त्या दिवशी चहा पिऊन उठलो. पोराला समोर बोलावून दोन शब्द विचारले असते तर बरं झालं असतं." पुष्पाबाईनं त्यांनाही चहाच दिला. बिचारे कप हातात धरून बसले.

कोर्टात कडूबाला न्यायाधीशांनी समज देऊन, बंधपत्रावर सोडलं. विमा कंपनीनं काकासाहेबांनी सांगितलं होतं तसेच हात झटकले. भिवाच्या पायाचं काकासाहेबांना पदरचं द्यावं लागलं. त्यांनी ते दिलं, कुरकुरत का होईना, पण पुरं दिलं. भिवाचा पाय जरा आखूडच जुळला. औत धरायला मात्र तो उभा राहिला.

कारभारीनं भोकरदन नाक्यावर एका कडुलिंबाखाली बसायला सुरुवात केली. दुरुस्तीला आधी पंप आले, मग मळणीयंत्रं, मग ट्रॅक्टर. एजन्सीची जुनी गिऱ्हाइकं हळूहळू तिकडं वळली. घर चाललं. पण एक गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली. कडूबा जिनिंगमध्ये कामाला गेला. ज्या रुईपासून आईनं त्याला वाचवायचं म्हणून वर्कशॉपच्या दारात आणलं होतं, त्याच रुईत तो आता दिवसभर उभा होता. कारभारी बौद्धवाड्यात केशरबाईच्या दारी गेला आणि म्हणाला, "पोरगं माझ्याकडं लावून द्या."

केशरबाई दारातून हलली नाही. "आमच्या पोराचं लई भलं केलं तुम्ही, दादा. आता पुरे."

तिचं काय चुकलं? त्या दिवशी गाडीत तिनं पाया पडून एक गोष्ट मागितली होती, आणि त्यानं ती दिली नव्हती. कारभारी परत फिरला.

कडूबाच एक दिवस आपण होऊन लिंबाखाली आला. खोकत होता. त्यानं फडकं उचललं आणि पडलेले पाने पुसायला लागला. कारभारीनं विचारलं नाही की आईला सांगितलंस का. फक्त एवढं केलं की उन्हं उतरली की तो पोराच्या हातातलं काम काढून घ्यायचा. कडूबा चिडायचा, "आता एवढाच नट राह्यलाय, मिस्त्री!" कारभारी म्हणायचा, "नट सकाळी बी हितंच असतो. जा." साहेबराव सायकलवरून जाता जाता कधी थांबत, आणि ह्या दोघांची हुज्जत ऐकून हसत.

अठरा पुरी झाली तेव्हा कारभारीनं मोठ्या हौसेनं कडूबाला म्हटलं, "चल, लायसन काढू." दुरुस्तीला आलेली एक जीप उभी होती. कडूबा स्टेअरिंगवर बसला, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. मग त्याची नजर रस्त्याच्या कडेच्या मातीवर गेली. त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. कारभारीनं पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, मग नाद सोडला. कडूबा इंजिनात पुरा तयार झाला, गावोगावी लोक त्याला नावानं मागू लागले. गाडी चालवून बघायची वेळ आली की तो बाजूला सरायचा आणि कारभारी बसायचा. कायद्यानं आता त्याला मोकळीक होती, पण अंबडच्या वाटेवरची ती घसरलेली माती त्याच्या हातातून गेली नाही. कारभारीला रात्री कधी कधी वाटायचं, ते आणखी एक वाक्य त्या सकाळी ट्रॅक्टरखाली परत जाण्याआधी बोललो असतो तर.

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलात केशरबाई लिंबाखाली आली. अंगावर पांढरं स्वच्छ लुगडं. कडूबा एका गावी पंप बसवायला गेला होता. कारभारी उठून उभा राहिला. तिनं इकडंतिकडं पाहिलं, टांगलेले पट्टे, तेलाचे डबे, पोरानं नीट लावून ठेवलेले पाने.

"खोकला गेला पोराचा," ती म्हणाली.

"व्हय. लई दिवस झाले."

"दादा, माझा राग काई अजून पुरा गेला न्हाई. त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं न्हाई." ती जरा थांबली. "पन उंद्या जयंती हाय. घरी पुरन करनारे. वहिनीला घेऊन जेवाया या."

पुष्पाबाई बौद्धवाड्यात कधी जेवली नव्हती. तिच्या माहेरचं तर कुणी तिथलं पाणीही प्यालं नव्हतं. संध्याकाळी कारभारीनं निरोप सांगितला तेव्हा ती पीठ मळत होती. पीठ मळून झालं, हात धुतले, मग म्हणाली, "पोरींना बी न्यायचं का?"

"तुझी मर्जी."

"मंग नेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणुकीचा ढोल गल्लीतून जात असताना केशरबाईच्या घरात पाच ताटं मांडलेली होती. कडूबा वाढत होता. पुष्पाबाईनं पहिला घास घेतला, आणि घरात क्षणभर सगळेच तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिच्या ते ध्यानात आलं.

"अहो, अशा काय बघून राह्यल्या?" ती केशरबाईला म्हणाली. "पुरनात येलदोडा कमी पडलाय, तेवढं सांगते. बाकी झ्याक हाय."

"येलदोडा व्हय?" केशरबाई म्हणाली. "कडूबा, डबा आन त्यो वरचा."

ती खलबत्ता घेऊन तिथंच, पाहुण्यांच्या समोर, वेलदोडे कुटायला बसली.